मोकळी फणी

कात्रीचं पातं दोऱ्यांखाली सरकवलं, तेव्हा नागेंद्रला आक्काचं पत्र आठवलं आणि त्याचा हात थांबला.

पत्र माघात आलं होतं. निळं आंतरदेशीय, चौथीपर्यंत शिकलेल्या बाईचं ठसठशीत अक्षर. फोनवर नागू नुसता 'हं' म्हणतो, म्हणून तिने मुद्दाम लिहिलं होतं. 'फणीतला दोरा काढू नको. पाडव्याला तू एक दोरा सांध, शामू एक सांधेल, म्हणजे माग त्याच्या नावावर झाला. फणी घेऊन तू वडगावला येतोस की आम्ही निपाणीला येऊ, तेवढं कळव.' बाकी नातू शामूने नोकरी सोडून हातमाग घातल्याची बातमी, आशीर्वाद, आणि सांडगे पाठवले होते ते पोचले का, ही चौकशी. उत्तराला दोन ओळी पुरल्या असत्या. त्या दोन ओळी नागेंद्रने मनातल्या मनात कितीदा तरी लिहिल्या आणि दर वेळी एखादा शब्द खटकला म्हणून खोडल्या. निपाणीच्या शाळेत जन्मभर चित्रकला शिकवली, पुस्तकांनी खोलीच्या भिंती झाकून टाकल्या, पण थोरल्या बहिणीला चार शब्द लिहायचे म्हटलं की त्याला घाम फुटायचा.

आता होळी होऊन गेली होती. पाडवा तोंडावर आला होता.

"सर, थांबलात?" प्रियदर्शनीने विचारलं.

ती मूळची बेळगावच्या टिळकवाडीची, राहायला बेंगळुरूला. मोठमोठ्या शहरांत कलाकारांची प्रदर्शनं मांडणं हे तिचं काम. कुणाकडून तरी ऐकून ती नागेंद्रच्या गोदामात आली होती. गोदाम एके काळी तंबाखूचं. अजून उन्हं तापली की भिंतींना वास सुटायचा. निवृत्त झाल्यापासून नागेंद्र तिथे एकटाच काहीबाही जोडत बसायचा. बिडी वळणाऱ्या बायकांनी टाकून दिलेली झिजकी सुपं, त्यांच्या गंजलेल्या कात्र्या, डब्यांची झाकणं, लुगड्यांचे काठ. गल्लीतली पोरं त्याला भंगारमास्तर म्हणत आणि खरं सांगायचं तर ती म्हणतात तेच बरोबर असावं, असं त्यालाही वाटायचं. प्रियदर्शनी मात्र आत आली आणि उंबऱ्याजवळच खाली बसली. मग म्हणाली, "सर, इतकी वर्षं हे लपवून ठेवलंत?"

सत्तरी गाठलेल्या माणसाला असं कुणी पहिल्यांदाच विचारलं, तर त्याचं काय होतं ते नागेंद्रलाच माहीत. त्या रात्री त्याला जेवण गेलं नव्हतं.

आज गोदामाच्या मधोमध वडगावचा माग उलटा टांगलेला होता. त्याच्याखाली सुपं, पाण्यावर पानं तरंगावीत तशी. वडगावच्या घराचं छप्पर नव्याने घालायचं होतं, तेव्हा आक्काने तो राखायला म्हणून टेम्पोत घालून पाठवला होता. मागाच्या पोटात फणी होती. वेळूच्या बारीक काड्यांची ही अडीच हात लांब फणी म्हणजे मागाचा जीव. ताण्याचा एकेक उभा धागा तिच्या एकेका फटीतून जातो. या फणीतही जुना दोरा होता. शेवटचं लुगडं कापून घेतल्यावर उरलेली वीतभर टोकं, धुळीने मळलेली, कुणा म्हाताऱ्याच्या दाढीसारखी लोंबत होती.

प्रियदर्शनीने मोबाईलचा दिवा फणीमागे धरला. भिंतीवर सावली पडली, पण गिचमिड.

"बघा ना. दोरे नसते तर एकेक काडी वेगळी दिसली असती. आख्खी भिंत भरून." ती मऊ आवाजात म्हणाली. "पण ते दोरे महत्त्वाचे असतील तर राहू द्या, सर. आहेत का?"

नागेंद्रने सावलीकडे पाहिलं.

त्यांच्या घराण्यात फणी कधी मोकळी करत नसत. कापड उतरवलं तरी दोऱ्याची टोकं फणीत ठेवायची आणि नवा ताणा आला की त्याचा एकेक धागा राखेच्या बोटांनी जुन्या टोकाला पिळून सांधायचा. आज्याच्या दोऱ्याला बापाचा, बापाच्या दोऱ्याला लेकाचा. मागावरचा माणूस गेला, तर तिरडी उचलायच्या आधी त्याच्या वारसाने एक दोरा सांधायचा. वारसच नसला, तर मात्र दोरा काढून फणी मोकळी करायची आणि तिरडीला बांधून द्यायची. मोकळी फणी आणि मयत, या दोन गोष्टी त्या घरात एकाच दिवशी बघायच्या.

बाप गेला तेव्हा नागेंद्र कोल्हापूरला चित्रकला शिकत होता. धावत आला. सगळ्यांसमोर त्याला मागाशी बसवलं. त्याने राखेत बोटं बुडवून दोरा पिळला, पण तो धरेना. सगळे उठून बाहेर गेल्यावर आक्काने काही न बोलता तो पुन्हा पिळला. तेव्हापासून माग नागेंद्रच्या नावावर. तो निपाणीला नोकरीला गेला, लग्न केलं नाही, धोटा कधी हातात धरला नाही. आक्काचा नवरा घरजावई म्हणून आला आणि मरेपर्यंत त्या मागावर बसला. तरी आक्का येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "माग माझ्या नागूचा. आमी आपली राखण."

"तसं काही नाही," नागेंद्र म्हणाला आणि कात्री चालवली.

जुना दोरा. आवाजसुद्धा झाला नाही. राहिलेली टोकं त्याने चिमट्याने एकेक करून ओढून काढली. प्रियदर्शनीने ती खाली सांडू दिली नाहीत, ओंजळीत गोळा केली. "कलाकृतींच्या नावाच्या चिठ्ठ्या ह्यानेच बांधू," ती म्हणाली. मग तिने पुन्हा दिवा धरला आणि भिंतीवर काड्याकाड्यांची लांब, स्वच्छ सावली उमटली. इतकं सुंदर आपल्या हातून काही होईल, असं त्याला वाटलं नव्हतं.

*

पाडवा गेला. शामूचे फोन आले, ते नागेंद्रने वाजू दिले. उत्तर प्रदर्शन झाल्यावर लिहू, तेव्हा सगळं नीट समजावून सांगता येईल, असं त्याने ठरवलं.

बेळगावच्या कॅम्पातल्या एका जुन्या बंगल्यात प्रदर्शन भरलं. वर्तमानपत्रात नागेंद्रचा फोटो आला, मागे उलटा माग. दुसऱ्या दिवशी गर्दीत नागेंद्र खांबाआड उभा होता, तेव्हा त्याला दारात आक्का दिसली. स्वतः विणलेलं हिरवं लुगडं, डोक्यावरून पदर, हातात शिदोरीची पिशवी. बाजूला तिचा नातू शामू. पॉवरलूमची नोकरी सोडून त्याने वडगावच्या घरात पुन्हा खड्डा खणून हातमाग उभा केला होता, हे नागेंद्रला पत्रातूनच कळलं होतं.

"हितं हाईस व्हय!" आक्का लांबूनच ओरडली. माणसं वळून बघू लागली. "पाडव्याला लई वाट बघितली रं. पुरणपोळ्या वाळून पापड झालं. म्हटलं, मास्तरास्नी शाळेतनं रजा मिळाली नसंल."

"शाळा सुटून किती वर्षं झाली त्यांची, आज्जी," शामू म्हणाला.

"मला ठावं न्हाय व्हय? टोमणा मारतीया, कळंना तुला." तिने नागेंद्रच्या पाठीवर थाप मारली आणि वर बघितलं. "आणि ही सुपं कशापायी टांगल्यात? वटवाघळं हाईत काय?"

भोवतीचे लोक हसले. नागेंद्रही हसला. क्षणभर त्याला वाटलं, निभावलं.

आक्का एकेका वस्तूपाशी थांबत, शामूला वाचायला लावत पुढे चालली. एका सुपाच्या चिठ्ठीपाशी तिचा हात गेला. चिठ्ठीचा दोरा तिने अंगठा आणि तर्जनीत धरला, सवयीने पिळला. पुन्हा पिळला. मग तिने दुसऱ्या चिठ्ठीचा दोरा बघितला, तिसऱ्या. नागेंद्रकडे न बघता ती सरळ मागाखाली जाऊन उभी राहिली आणि तिने मान वर केली.

पदर खांद्यावर घसरला, तरी तिने सावरला नाही.

"कोण गेलं रं?" ती म्हणाली.

नागेंद्र आपल्या चपलांकडे बघत राहिला.

"नागू. इच्यारतीया मी. कोण गेलं?"

प्रियदर्शनी गर्दीतून वाट काढत आली. "आजी, काय म्हणालात? परत एकदा म्हणा ना, प्लीज." तिने मोबाईल उभा धरला होता.

ही शिकलेली बाई तरी उत्तर देईल, असं आक्काला वाटलं असावं. तिने पदर डोक्यावर घेतला आणि नीट, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "ह्या घरातलं कोण गेलं?"

मागून कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मग आणखी काहींनी.

टाळ्या थांबेपर्यंत आक्का थांबली. त्या कुणासाठी वाजत होत्या, ते तिला कळलं नसावं. मग ती नागेंद्रच्या अगदी जवळ आली आणि हळू बोलू लागली. ते हळू बोलणं त्याला जास्त लागलं.

"तुला ठावं हाय. माणूस जिता आणि फणी मोकळी, अशा घरात दुसरा माग बसत न्हाय. ह्या पोरानं नोकरी सोडलीया. माग खड्ड्यात उभा करून तुझ्या दोऱ्याची वाट बघत बसलाय."

"आक्का, ते नुसतं..."

"नुसतं काय?"

नागेंद्रने मान वर करून फणीकडे पाहिलं.

"बरं," आक्का म्हणाली. "म्हंजे कुणीतरी जायाला पायजे."

ती निघाली. शामूने मामाआज्ज्याकडे एकदा बघितलं आणि तिच्यामागे गेला. खिडकीतून नागेंद्रला बंगल्याच्या बागेतला नळ दिसत होता. आक्काने नळ सोडला, हात धुतले, पाय धुतले, डोळ्यांना पाणी लावलं. मयताहून आल्यावर बायकामाणसं धुतात तसे. शिदोरीची पिशवी ती तिथेच कट्ट्यावर ठेवून गेली.

दुसऱ्या दिवशी प्रियदर्शनीने मागाच्या बाजूची भिंत काळी रंगवून घेतली आणि तिच्यावर पांढऱ्या, माणसाएवढ्या अक्षरांत लिहवून घेतलं, 'कोण गेलं?'

"सर, चालेल ना?" तिने विचारलं.

"हं," नागेंद्र म्हणाला.

*

आठवड्याने तो वडगावला गेला. काय बोलायचं ते बसमध्ये त्याने पाठ केलं होतं. कोष्टी गल्लीच्या तोंडाशी गुंडूचं चहाचं दुकान. गुंडू आणि नागेंद्र एका पाटीवर शिकलेले. नागेंद्रला बघताच गुंडूने हातातलं भांडं खाली ठेवलं.

"मास्तर, तुम्ही इकडं यायचं न्हवतं."

"का?"

गुंडूने मान खाजवली. हसावं की नाही, ते त्याला ठरवता येईना. "तुमचं सुतक चाललंय की."

नागेंद्रला आधी अर्थ लागेना.

"त्या दिवशी आक्का आली, ओल्या लुगड्यानं दारात बसली आणि म्हणाली, नागू गेला. आमी हसलो. म्हटलं, म्हातारीचं काय तरी. पण तिनं चूल पेटवली न्हाय. मग शेजारणी भाकरी घेऊन गेल्या. भाकरी नेल्यावर पुढं काय हसायचं? आता सगळी गल्ली पाळतीया." त्याने पेला भरला, पण नागेंद्रच्या हातात दिला नाही. कट्ट्यावर ठेवला आणि मागे सरकला. "घ्या. आक्काला सांगू नका."

चहा तसाच ठेवून नागेंद्र गल्लीत शिरला. समोरून दोन बायका आल्या. त्यांनी पदर ओढून घेतला आणि भिंतीकडे तोंड करून त्याला वाट दिली.

घराचं दार उघडं होतं. नवे पत्रे उन्हात चकाकत होते. ओसरीवर पाट, पाटावर समई, समईमागे वर्तमानपत्रातून कापलेला त्याचाच फोटो. उलट्या मागाचा भाग आक्काने कात्रीने काढून टाकला होता, नुसता चेहरा ठेवला होता. त्याला झेंडूचा हार. आतल्या खोलीत शामूचा माग दिसत होता, नवं लाकूड, नवी फणी, एकही दोरा नसलेली. आक्का घोंगड्यावर बसली होती. शेजारीण तिच्याजवळ.

"लई बुजरा हुता माझा नागू," आक्का शेजारणीला सांगत होती. "पाव्हणं आलं की कणगीमागं लपायचा. मी हुडकून काडायची. गेला तोबी न सांगता."

"आक्का," नागेंद्र म्हणाला. "अगं, मी..."

शेजारणीचा चेहरा पांढरा पडला. आक्काची नजर हलली नाही. तिचा अंगठा तर्जनीवर फिरत होता, दोरा पिळल्यासारखा.

"शामू," तिने हाक मारली, "दारात कोण आलंय बघ."

शामू आतून आला. उंबऱ्याच्या अलीकडे तो आणि पलीकडे नागेंद्र, मध्ये हातभर अंतर. पोराने दाराची कडी धरून ठेवली होती. नागेंद्रने त्याच्याकडे असं बघितलं, जसं लहानपणी तो कणगीमागून आक्काकडे बघायचा.

"कोण न्हाय, आज्जी," शामू म्हणाला.

"मग दार लाव. समई इझंल."

दार लागलं. आतून कडीचा आवाज आला. नागेंद्र पायरीवर थोडा वेळ उभा राहिला. पाठ केलेलं सगळं त्याच्या तोंडात तसंच होतं.

*

तेराव्याच्या आदल्या दिवशी शामू निपाणीला आला. गोदामात मागाची जागा रिकामी होती. आढ्याला नुसते दोर लोंबत होते. नागेंद्रने त्याला खुर्ची दिली, पण तो बसला नाही.

"उद्या तेरावं," तो म्हणाला. "आज्जी म्हणती, उद्या दुपारनं फणी भर आणि बस मागावर. मी बसणार न्हाय."

"का?"

"जित्या माणसाचं तेरावं जेवून मी दोरा भरू? हात कसा चालंल माझा, आज्जा?" त्याने तोंड फिरवलं. "दार लावलं त्या दिवसापासनं झोप न्हाय मला. तुम्ही चला, एकदा भांडा तिच्याशी. ओरडा. तुम्हाला कधी ओरडताना बघितलंच न्हाय कुणी."

"मी आलो तर तुझा माग बसणार नाही."

"म्हणून काय तुम्हाला मारायचं?" शामू म्हणाला. "जातो की परत पॉवरलूमवर. मालकानं जागा ठेवलीया. बाबाचे कान गेले तिथं, माझे बी जातील. त्यात काय."

नागेंद्र स्टोव्हपाशी गेला, चहा ठेवला. शामू दोन पावलं त्याच्या मागे आला. मग त्याने विचारलं, आणि त्याच्या आवाजात इतकी आशा होती की नागेंद्रचा हात साखरेच्या डब्यात तसाच राहिला.

"आज्जा, दोरा त्या बाईनं काढला न्हवं? तुम्ही नसताना? तसं असंल तर सांगा. आज्जीला मी समजावतो. चुकून झालं म्हणतो. काय तरी उपाय असंल."

एक 'हं' म्हटलं असतं तरी पुरलं असतं. सगळा जन्म ज्या एका अक्षरावर त्याने निभावून नेला, ते अक्षर पोराने त्याच्यापुढे ताटात वाढून ठेवलं होतं.

"मीच काढला," नागेंद्र म्हणाला. "तिने विचारलं होतं मला, महत्त्वाचा आहे का म्हणून."

"मग?"

"नाही म्हटलं."

चहा उतू गेला. शामूने पुढे होऊन स्टोव्ह बंद केला. चहा न घेताच तो दारापर्यंत गेला, तिथे चपला घालताना खाली बघत म्हणाला, "मला वाटलं, ती बाईच असंल."

तो गेल्यावर थोड्या वेळाने प्रियदर्शनीचा फोन आला. माग बेंगळुरूला पोचला होता. तिकडच्या लोकांनी आक्काचा तो व्हिडिओ बघितला होता आणि ते वेडे झाले होते. "सर, त्यांना इथे आणता येईल का? काही करायचं नाही, नुसतं मागाखाली बसायचं आणि येणाऱ्याला तो प्रश्न विचारायचा. त्या इतकं खरं विचारतात ना!"

"आक्का सुतकात आहे," नागेंद्र म्हणाला.

"अरेरे. सॉरी, सर. मग सुतक फिटल्यावर?"

नागेंद्रने फोन ठेवला. टेबलाच्या खणात माघातलं निळं आंतरदेशीय होतं. ते त्याने पुढ्यात उघडून ठेवलं, एक कोरं कार्ड घेतलं आणि लिहायला सुरुवात केली. एकही शब्द खटकला नाही. खोडाखोड झाली नाही.

'तीर्थरूप आक्कास सा. न. तुझ्या पत्राचं उत्तर. कळवण्यास दुःख होतं की, वडगावच्या घरचा नागेंद्र होळीनंतर निपाणी मुक्कामी वारला. त्यामुळे पाडव्याला येणं झालं नाही. फणीतला दोरा त्यानेच काढला, दुसऱ्या कुणाचा हात लागला नाही. मागे वारस नाही, म्हणून फणी मोकळी. यात काही चुकीचं झालेलं नाही, असं शामूला सांगावं. त्याने हे कार्ड वाचून आपल्या मागावर बसावं. सांडगे पोचले होते.'

खाली सही करायला त्याने पेन टेकवलं आणि उचललं. मग अशुभाच्या कार्डाचा फाडतात तसा त्याने कार्डाचा एक कोपरा फाडला. फाडलेला तुकडा कुठे टाकावा ते त्याला कळेना. तो त्याने खिशात ठेवला.

पोस्टात उन्हाची वेळ म्हणून गर्दी नव्हती. खिडकीत यमनाप्पा होता. नागेंद्र दर महिन्याला त्याच्याकडून पुस्तकांची पार्सलं घ्यायचा. कार्ड हातात घेताच यमनाप्पाची बोटं फाटक्या कोपऱ्यावर थांबली. त्याने लगेच ते पालथं केलं, मजकुराकडे बघितलं नाही.

"अय्यो, मास्तर," तो म्हणाला. "कोण गेलं?"

"वडगावचा एक जण."

"वय झालं होतं?"

"झालं होतं."

"मागं कोण हाय त्याच्या?"

नागेंद्रने खिडकीच्या गजाला धरलं. "बहीण आहे. तिचा नातू आहे, तो माग चालवतो."

"मग बरं," यमनाप्पा म्हणाला. "मागं कोण असलं म्हणजे बरं."

त्याने शिक्का मारला, कार्ड पिशवीत सोडलं. मग टेबलाखालची पाण्याची बाटली काढून आपली बोटं ओली केली आणि तीच बाटली खिडकीतून बाहेर धरली.

"धुवा, मास्तर. अशुभाचं कार्ड आणलासा."

नागेंद्रने दोन्ही हात पुढे केले.